एका चुलीला एक जागा

हायस्कूलचा प्रवेश म्हटलं की लोकांना मार्क आठवतात. मला आमटी आठवते. हे सांगितलं की माझी सून हसते, म्हणते, "आई, तुम्ही काहीही सांगता." काहीही काय? माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे, आणि ज्या आमटीवरून झालं ती मी स्वतः ढवळलेली आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात आणि गावाची निम्मी रानं सांगली जिल्ह्यात. त्यामुळं दोन्हीकडच्या साहेबांना वाटायचं की आमच्याकडं दुसरा बघतोय. गावात सातवीपर्यंत मराठी शाळा होती आणि आठवीपासून गावच्या कमिटीनं काढलेलं हायस्कूल. हायस्कूल म्हणजे पत्र्याच्या खोल्या. आठवीला खरं तर दोन खोल्या होत्या, पण एकीत सोसायटीचं खत भरून ठेवलेलं. खत हलवा म्हटलं की कमिटीचे चेअरमन विचारायचे, "आन भिजलं म्हंजी?" पोरं भिजली तर त्यांची हरकत नव्हती. राहिली एक खोली, आणि तिच्यात बसायला आसपासच्या सगळ्या वाड्यावस्त्यांवरची पोरं.

त्याखेरीज जवळचं हायस्कूल म्हणजे थेट कडेगावला. मुलगे सायकल मारत जायचे. मुलगी कशी जाणार? कुणी विचारायचंच नाही. ह्या खोलीत जागा मिळाली नाही की मुलीच्या हातात खुरपं यायचं, आणि खुरप्यामागून वर्षा-दोन वर्षांत मुंडावळ्या. आमच्या आळीतल्या माझ्यापेक्षा मोठ्या सगळ्या मुली ह्याच वाटेनं गेलेल्या. मला खुरप्याचा राग होता. मला इंग्रजी शिकायचं होतं, कारण वडील फौजेत होते आणि सुट्टीवर आले की ट्रंकेवरची अक्षरं ते वाचायचे आणि मला वाचता यायची नाहीत. एवढंच कारण. पण त्या वयात तेवढं पुरतं.

आदल्या साली काय झालं होतं, की चेअरमनच्या घरातल्या चौघा भावांच्या पोरांनीच पुढची दोन बाकं भरली. गावात बोंबाबोंब झाली. त्या उन्हाळ्यात नवीन हेडमास्तर आले, वाईचे, अंगानं काटकुळे, पोटात कायमचं पित्त आणि डोक्यात कायमचा न्याय. त्यांनी देवळात सभा घेतली आणि जाहीर केलं, "यापुढे प्रत्येक कुटुंबाला एकच जागा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी मागून विचारलं, "गुरुजी, कुटुंब म्हंजी किती?"

झालं! दिवेलागण झाली तरी कुटुंब म्हणजे किती हे ठरेना. सातबाऱ्यावर नाव धरावं, तर आज्याचं नाव अजून निघालेलं नाही आणि अर्धी भावकी एकाच उताऱ्यावर. एक दार धरावं, तर काही घरांना दारच नाही. शेवटी खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आवं, त्यात काय लय इचार करताय? एक चूल, एक कुटुंब. चूल वायली झाली की मानूस वायला."

हेडमास्तरांना हे फार आवडलं. "एका चुलीला एक जागा," असं ते दोनदा म्हणाले आणि सभा संपली. ही त्यांची चूक. शहरातल्या माणसाला वाटतं चूल म्हणजे स्वयंपाकाची वस्तू. आमच्याकडं भाऊ भावापासून तुटतो तो चुलीवरून, आणि असल्या गोष्टीवर ह्या भल्या माणसानं आठवीच्या जागा वाटायला काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या काठाला चिकणमाती शिल्लक राहिली नाही. चेअरमनच्या घरात एका दिवसात चार चुली पेटल्या, त्यातली एक माळवदावर. एकानं बैलगाडीत चूल घातली आणि बैल सोडून देऊन गाडीलाच घर म्हणायला लागला. एक जण मुंबईहून रॉकेलचा स्टो घेऊन आला. स्टोला चूल म्हणावं का, यावर कमिटी बसली. जिला राख नाही ती चूल नव्हे, असा निकाल लागला. बिचारा स्टो परत मुंबईला गेला.

गावाच्या टोकाला एक रिटायर फौजी एकटाच राहायचा. ना बायको, ना पोर, पण चूल होती. त्याच्या दारात कधी कुत्रं फिरकलं नव्हतं, तिथं आता रांग लागली. "माझं पोरगं तुमच्यात ऱ्हातंय म्हणा की." कुणी मटणाचा डबा आणतंय, कुणी लाडू. त्यानं आठवडाभर सगळ्यांचं खाल्लं, आणि मग मिशीला पीळ देत सांगितलं, "माझी चूल, माझी जागा. आठवीला मी सोता येणार." आणि फौजेतलं सर्टिफिकेट घेऊन तो खरंच हेडमास्तरांपुढं जाऊन सॅल्यूट मारून उभा राहिला. नियमाप्रमाणे नाही म्हणता येईना. पावसाळाभर तो आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर ताठ बसायचा. बीजगणित सुरू झालं तेव्हा मात्र त्यानं माघार घेतली.

आमच्या घरी चूल एकच होती. थोरले बाबा म्हणजे माझे चुलते, थोरली आई म्हणजे माझी चुलती, त्यांचा माझ्याच वयाचा मुलगा, आई आणि मी. वडील तिकडं आसामात. नियम सरळ होता. चूल एक, जागा एक, आणि ती जागा मुलाची. कुणी तसं बोललंसुद्धा नाही. बोलायचं काय त्यात? गंमत अशी की पोराला तालमीशिवाय काही सुचत नव्हतं. "मला न्हाई जायाचं आठवीला, माझी जागा हिला द्या," म्हणाला आणि थोरल्या बाबांच्या हातची सणसणीत खाऊन बसला.

त्याच संध्याकाळी आई थोरल्या आईला म्हणाली, "आक्का, मी चूल वायली करती. नावापुरती. पोरीला जागा मिळाली की पाडून टाकू."

थोरली आई भाकरी थापत होती. तिच्या मुलाला तर जागा मिळणारच होती, तिला ह्यात मिळायचं काहीच नव्हतं. ती म्हणाली, "कर की. त्यात इचारतीस काय? लाकडं माझ्यातनंच ने."

दोघींनी मिळून ती चूल घातली. जागा कुठं, तर गोठ्यात, म्हशीच्या तोंडापुढं. थोरली आई माती मळत होती, आई लिंपत होती, आणि दोघी इतक्या हसत होत्या की म्हैस बिथरली. रात्री त्या चुलीवर आईनं वेगळी आमटी केली आणि ती घेऊन आम्ही सगळे नेहमीसारखे एकत्रच जेवलो.

थोरल्या बाबांना मात्र ते सोसेना. "भाऊ तिकडं सरहद्दीवर, आन हितं म्या त्येच्या बायकूला वायलं काढलं, आसं म्हंतील लोक. तोंडात श्यान घालतील माझ्या." म्हणून ते रोज पारावर जायचे आणि येईल त्याला सांगायचे, "आमच्यात चूल वायली झालीया. पर खोटी हाय बरं का!" अशा माणसाला काय करावं? आईनं कपाळावर हात मारून घेतला.

गावात अशा चुली झाल्यावर हेडमास्तरांना शंका आलीच. त्यांनी ठरवलं की प्रत्येक चूल स्वतः बघायची. ते, चेअरमन आणि एक शिपाई असे जेवणाच्या वेळेला घरोघर फिरायला लागले. आधी ते राख गरम आहे का बघायचे. मग कळलं की लोक शेजारचे निखारे आणून घालतायत. मग त्यांनी चुलीवर काही शिजतंय का बघायला सुरुवात केली. तर एकच पातेलं परसातून परसात फिरायला लागलं, आणि हेडमास्तर पुढच्या दारानं यायच्या आत मागच्या दारानं चुलीवर चढायला लागलं. शेवटी त्यांनी आपला रामबाण काढला. शंका आली की दोन्ही चुलींवरचं चाखायचं. चव एक, तर चूल एक.

पित्ताचा माणूस हो! आमच्याकडच्या आमट्या! पहिल्या दोन घरांतच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शिपायाच्या हातात ताकाचा तांब्या असायचा. एक घर, एक घोट ताक, असं करत करत ते आमच्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा मिरचीसारखा झाला होता, पण न्याय काही सुटत नव्हता. मागून निम्मी आळी गोळा झाली होती. दुसऱ्याचं काय ठरतंय ते बघायला कुणाला आवडत नाही?

मला आठवतंय, मी गोठ्यात चुलीपाशी बसून आमटी ढवळत होते. आईनं मुद्दाम हरभऱ्याची केली होती, थोरल्या आईनं मसुराची. म्हटलं, आता कशी एक लागेल? हेडमास्तरांनी एक चमचा इकडची घेतली. ताक प्यायले. एक चमचा तिकडची घेतली. डोळे मिटून उभे राहिले.

"डाळ वेगळी आहे," ते म्हणाले. "पण तिखट एकच आहे."

एकच असणार, नाहीतर काय? वर्षाचं कांदा-लसणाचं तिखट दोघींनी चैत्रात एकत्र कुटलेलं, एकाच बरणीत भरलेलं. डाळ वेगळी करायचं सुचलं, आणि तिखट कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"आणि तसं तुमचे दीर पारावर सांगतातच," हेडमास्तर आईला म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वाईट वाटतंय हे दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

तेवढ्यात चेअरमन म्हणाले, "गुरुजी, एक सांगू का? जावाजावा वायल्या हुत्यात त्या भांडून हुत्यात. आमच्यात बघा, चार चुली घातल्या नावाला, आन परवापास्नं चौघीजणी एकमेकींचं त्वांड बघत न्हाईत. हितं भांडान ऐकलं का कुनी?" त्यांनी मागं वळून आळीला विचारलं.

आळी प्रामाणिक होती. "न्हाई बा," शेजारीण म्हणाली. "सकाळच्या पारी तर एकमेकींच्या उवा काढत हुत्या."

सगळे हसले. हेडमास्तरांनी यादीचा कागद उघडला, खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं. माझी जागा आता खोडली जाणार हे मला कळलं, आणि मी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आई एकदम पुढं झाली. कमरेला पदर खोचला. आयुष्यात कधी मोठ्यानं बोलली नाही अशी बाई. "आमी भांडतोय की," ती म्हणाली. आणि थोरल्या आईकडं वळून, "तुमी... तुमी आमटीत मीठ कमी घालताय, आक्का!"

"घालत आसंन," थोरली आई म्हणाली.

माणसं खो-खो हसायला लागली. एकजण म्हणाला, "वैनी, दगूड तरी उचला." आईचं तोंड लाल झालं. ती नुसती पदराशी चाळा करत उभी राहिली आणि हेडमास्तरांचं पेन कागदाला लागलं.

थोरल्या आईनं त्या पेनाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. हातातली परात खाली ठेवली. आणि मग ती जे बोलली, ते वेगळ्याच आवाजात बोलली.

"मिठावर काय भांडतीस? माझी पोर गेली तवा कुठं हुतीस तू?"

थोरल्या आईला मुलगा व्हायच्या आधी एक मुलगी होती, ती गोवरानं गेली, एवढंच मला माहीत होतं. मी तेव्हा नुकती जन्मलेली, आई आणि मी आजोळी.

"निरोपावर निरोप धाडले," थोरली आई म्हणाली. "शेजारच्या गावाला माहेर तुझं. पोरीला उचलली, दिवस झालं, म्हैना सरला, तू आली न्हाईस. आन आलीस ती तुझी पोर कडंवर घिऊन, हसत. माझ्या पोरीचं पांघरूण तुझ्या पोरीखाली घातलंस. इचारलं बी न्हाईस मला. माझी आसती तर आज तुझ्या पोरीला हात धरून शाळंत घिऊन गेली आसती."

आळीतलं हसू थांबलं. आई पांढरीफटक पडली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती ओरडली. तिचा तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

"कशी येऊ? कुनाच्या त्वांडानं येऊ? तुमीच सांगून धाडलं हुतं न्हवं, की ही पोर पांढऱ्या पायाची हाय, ही जल्मली आन माझी गेली, हिला माझ्या उंबऱ्यात आनू नगा म्हनून? मी ओली बाळंतीन. त्यो निरोप ऐकून माझं दूध आटलं. बोलला हुता का न्हाई? सांगा समद्यांफुडं!"

"बोलले हुते," थोरली आई म्हणाली. "आज बी रातच्याला कवातरी वाटतं."

मी तिथंच होते. ती पांढऱ्या पायाची म्हणजे मी, हे समजायला मला थोडा वेळ लागला. जिनं मला न्हाऊमाखू घातलं, जी माझी वेणी घालायची, ती हे म्हणत होती. पुढं त्या दोघी काय काय बोलल्या ते मला आठवत नाही. आळीतल्या बायका मधे पडल्या, थोरले बाबा धावत आले आणि दोघींना हात जोडून म्हणत राहिले, "आगं खोटी हाय न्हवं? खोटी हाय न्हवं चूल?"

हेडमास्तरांनी पेनाला टोपण लावलं. खाली बघत म्हणाले, "दोन चुली आहेत." आणि ताक न पिताच निघून गेले.

मला आठवीत जागा मिळाली.

त्या रात्री थोरल्या आईनं जेवायला हाक मारली नाही, आणि आई गेली नाही. आम्ही दोघी म्हशीपुढं बसून जेवलो. चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला. जून सरला. चूल कुणी पाडली नाही. दिवाळीपर्यंत दोघी बोलायला लागल्या, पण कामापुरतं, पाहुण्यांशी बोलल्यासारखं. वडील सुट्टीवर आले तर त्यांना आधी थोरल्या आईकडं जेवावं लागायचं, मग आमच्याकडं. सुट्टी संपली तेव्हा फौजेची पँट त्यांना होईना. पुढच्या साली घराच्या पुढच्या सोप्यात मधोमध भिंत आली. गवंडी भिंत चढवत होता आणि थोरले बाबा पारावर जाऊन सांगत होते, "भित घातलीया. पर खोटी हाय बरं का."

चुलतभाऊ नववीतच शाळा सोडून तालमीत गेला आणि वय झाल्यावर फौजेत. त्याची जागा रिकामीच राहिली. तेवढी रिकामी जागा आधी कुणाला दिसली असती तर! पण असा विचार करून मला अजून राग येतो, म्हणून मी करत नाही.

दहावी झाले. आळीतली पहिली मुलगी. आईनं वाटीत साखर घातली आणि म्हणाली, "तुझ्या थोरल्या आईला दिऊन ये." ती स्वतः आली नाही. मी भिंतीला वळसा घालून गेले. मनात तीन वर्षं साचलेलं होतं. वाटी तिच्यापुढं ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मी पांढऱ्या पायाची हाय व्हय?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"तुझी आय मिठावर भांडाय लागली," ती म्हणाली. "मास्तरनं टोपान काढलं. खोटं त्याला पटंना. मग माझ्याजवळ खरं हुतं ते मी काढलं. दुसरं काय हुतं माझ्याजवळ, बाई?"

तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं.

"वाटलं हुतं, तुझं काम झालं की चूल पाडू. पर खरं बोललं की त्ये माघारी घेता येत न्हाई." मग चिमूटभर साखर तोंडात टाकून म्हणाली, "पास झालीस न्हवं? जा मग. तुझ्या आईच्या चुलीवर जेव. मास्तर बघंल."

हेडमास्तरांची बदली होऊन कितीतरी दिवस झाले होते.

"बघू दे," मी म्हटलं, आणि तिथंच मांडी घालून बसले. तिनं ताटलीत भाकरी घातली आणि भाकरीवर आमटी ओतली. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं आलं असं मी तिला सांगितलं. तिखट आता ती एकटीच कुटायची, आणि आई आमचं वेगळं. हेडमास्तर त्या दिवशी आले असते तर त्यांना एका चमच्यात कळलं असतं. चव वेगळी झाली होती.